सित फद्वाचा कड्यावरचा फोन

कफरदियानमध्ये त्या वर्षी एकच कुजबूज होती: सित फद्वानं या वयात पुरुष धरलाय, आणि तोही कराकसचा.

बातमी नस्री न्हाव्याच्या दुकानातून निघाली. तशी गावातली कुठली बातमी तिथून निघत नाही? मुख्तारच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, बायकोच्या पायाला एकदा कोंबडीनं चोच मारली, तर दुपारपर्यंत बाईला इस्पितळात पोचवून, संध्याकाळी मारून, दुसऱ्या दिवशीच्या शोकाच्या खुर्च्या मांडण्यापर्यंत काम नस्रीच्या वस्तऱ्यानं केलं होतं. पण या वेळी त्याच्याकडे पुरावा होता. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर पातं टेकवून तो सांगायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला नाही म्हणायची सोय नाही.

"या दोन कानांनी ऐकलंय. रोज दुपार कलली की बाई खोकं बंद करते, पांढरी ओढणी सारखी करते आणि पाइनच्या कड्यावर चढते. फोन लावते. पलीकडून पुरुषाचा आवाज. घोगरा, भारदस्त. आणि बोलतात काय? आकडे! ती म्हणते सात, नऊ, ब. तिकडून येतं ब, दोन, सात. मग दोघंही हसतात."

"आकड्यांत हसण्यासारखं काय आहे रे?"

"गाढवा, खुणेची भाषा ती! सात म्हणजे काय ते घरी जाऊन बायकोला विचार."

आणि बिचारं गिऱ्हाईक अर्धी दाढी तशीच ठेवून खरंच विचारात पडायचं.

फद्वाच्या कानावर हे येत नव्हतं असं नाही. तिचे कान सगळ्या गावात तिखट. शाळा सुटल्या सुटल्या ती टेलिफोन केंद्रात चिकटली, तेव्हा हातानं तारा खोचून एकाचा आवाज दुसऱ्याला जोडून द्यावा लागे. अर्ध्या गावाची लग्नं तिच्या कानावरून गेली आणि उरलेल्या अर्ध्याची भांडणं; पण तिच्या तोंडून कधी चकार शब्द बाहेर पडला नाही. नस्रीचा तिच्यावर राग आहे तो मुळात याचाच. एवढा माल हाताशी असून बाईनं दुकान उघडलं नाही!

लाइन गप्प आहे की मेलीय, हे तिला नुसतं ऐकून कळायचं. "गप्प लाइनीत पलीकडे कुणीतरी श्वास घेत असतं," ती म्हणे. "मेलेल्या लाइनीत आपलाच आवाज फिरून आपल्याकडे येतो, आणि वेड्यांना वाटतं, कुणीतरी उत्तर देतंय."

पुढे केंद्रात यंत्रं आली आणि तिला घरी बसवलं. नवरा सलीम बैरूतची बस चालवायचा. एका उन्हाळ्यात छातीत कळ आली, तेव्हा त्यानं आधी बस कडेला लावली, हात-ब्रेक ओढला, मग मान टाकली. मूलबाळ नव्हतं, सलीमचं बाकीचं गोत समुद्रापार. फद्वानं चौकात एक लाकडी खोकं घेतलं आणि लॉटरीची तिकिटं, फोनची कार्डं विकायला लागली.

मग बँकांनी दारं ओढून घेतली. लोक आपल्याच पैशासाठी रांगेत उभे राहून नव्या नव्या शिव्या शिकले. परदेशातली पोरं घरी पैसे पाठवायची ती वाटच बंद. तेव्हा कुणाच्या तरी पुतण्यानं गावात रकमी आणली. फोनमध्ये राहणारं नाणं. त्याला ना बँक, ना सरकार, ना मालक. जगभर विखुरलेली यंत्रं मिळून एक लांबलचक हिशोब लिहीत असतात, पानामागून पान, आणि प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा, आकडे-अक्षरांची एक ओळ. पुढचं पान ज्याच्या यंत्राला सापडेल त्याला थोडी बक्षिसी. सगळी यंत्रं एकमेकांना पान दाखवत राहतात, म्हणून हिशोब एकच राहतो. पोरगं तिकडून रकमी पाठवायचं, आई फद्वाच्या खोक्यावर यायची, फद्वा रकमी ठेवून घेऊन हातात डॉलर द्यायची. आपला वाटा घ्यायची, पण सुईच्या टोकाएवढा.

तिचा एक दंडक होता. पैसे दिल्यावर त्यावर तीन पानं चढली की मगच माल हलवायचा. एक पान यायला साधारण मत्तेची, म्हणजे कडवट पाल्याच्या चहाची, एक फेरी लागे. खोक्यापुढच्या बाकावर किटली, वाटी आणि ओढायची नळी कायमची. एकाच वाटीतून आळीपाळीनं सगळे प्यायचे, वाटी फिरून पहिल्याकडे आली की फद्वा पडद्याकडे बघायची, आणि बहुतेक वेळा पान आलेलं असायचं. गावाला घड्याळ लागतच नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात मात्र एक नवी गोष्ट झाली. जुन्या पाणचक्कीचा मालक अबू लतीफ यानं ओढ्यावर वीज करणारं चाक बसवलं आणि पीठ दळायच्या जागी रकमी खणणारी, म्हणजे पुढची पानं शोधून बक्षिसी मिळवणारी, यंत्रं मांडली. गडी हौशी, मिशी पिळून बोलणारा. "सरकारची वीज नको, बँकेचा पैसा नको! आपलं पाणी, आपलं नाणं!" गावाला हे फार आवडलं. ज्या गावाला सगळ्यांनी मिळून फसवलं, त्याला दुसऱ्या कुणाची गरज नाही हे ऐकायला किती गोड लागतं!

वसंतात एकदा लाइन दोन दिवस आजारी पडली. त्या काळात फद्वानं औषधवाल्याच्या बायकोकडून रकमी घेतली, तीन पानं मोजली, डॉलर दिले. लाइन बरी झाली, आणि ती रकमी खोक्यातून अशी नाहीशी झाली जशी कधी आलीच नव्हती. बाईवर आळ घ्यायचा तर ती बिचारी शपथेवर सांगायला तयार. फद्वानं हातातली एक बांगडी विकून खड्डा भरला, गप्प बसली, आणि आठवडाभर विचार करून मग कड्यावर चढायला लागली. आता कळलं ना, नस्रीची गोष्ट कुठून सुरू झाली?

तर तो दिवस. पाइनचे दाणे तयार झाले होते.

वजीहाला गावात सगळे ओळखतात. बोटं राळेनं कायमची काळी, जीभ त्याहून. लग्न केलं नाही. "केलं असतं तर दोन माणसांचं नुकसान झालं असतं," असं तीच म्हणते. बोंडं विकत घ्यायची, उन्हात पसरून उघडायची, एकेक दाणा दगडानं फोडायचा, असं सगळं वर्ष घालवून तिनं पोती भरली होती. त्या पोत्यांच्या बदल्यात तिला एकच गोष्ट हवी होती: चौकातली बुत्रोसची रोट्यांची भट्टी. म्हातारा बुत्रोस मुलाकडे कॅनडाला निघाला होता. शेजारच्या गावचा एक जण तिथं मोबाइलची कव्हरं विकायला टपून बसला होता, पण बुत्रोसनं शब्द दिला होता: "वजीहा, आज सूर्य बुडेपर्यंत तुझी. त्यानंतर त्याची. मला विमान गाठायचंय, पोरी."

सैदाहून व्यापारी आला, फवाझ. पिकअप, गॉगल, आणि घाईत असल्याचा कायमचा चेहरा. त्याच सकाळी टेलिफोन केंद्राचं डिझेल संपलं होतं. सरकारी डिझेलची टाकीगाडी 'निघालीय' असं केंद्राचा एकुलता एक माणूस नदीम गेले कित्येक दिवस सांगत होता. आता तोही दारात खुर्ची टाकून निवांत बसला. गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला. गावातल्या गावात मात्र तारा जिवंत होत्या, कारण घरोघरी जनरेटरची वीज आणि इंटरनेट वाटणाऱ्या एलियासची यंत्रं त्याच्याच डिझेलवर चालायची.

आणि गंमत म्हणजे रकमी चालू होती! सकाळी नस्रीनं खाटकाला पैसे दिले, पोचले. खाटकानं मोच्याला दिले, पोचले.

"बघा, बघा!" नदीम खुर्चीतून ओरडला. "केंद्र मेलं तरी रकमी मरत नाही!"

तेवढ्यात अबू लतीफ हातात नम्मूराचं ताट घेऊन चौकात आला. पाकात निथळणाऱ्या रव्याच्या वड्या, वर बदाम.

"घ्या, तोंड गोड करा! सकाळपासून आलेलं पान न् पान माझं! एकही दुसऱ्याचं नाही. सगळ्या जगाच्या नाकावर टिच्चून!"

"काय सांगतोस! मग आता मिशीला सोन्याचं पाणी दे."

"मिशीला कशाला, चाकाला देतो!"

फद्वानंही एक वडी उचलली आणि खाल्ली. हे सांगितलं पाहिजे, कारण नंतर नस्री सांगायला लागला की बाईला आधीच सगळं ठाऊक होतं. काही ठाऊक नव्हतं. वजीहाच्या आनंदात तीही रमली होती. फवाझनं फोन काढून पैसे सोडले, फद्वाच्या पडद्यावर ते उमटले, वजीहानं छातीवर हात ठेवला, आणि सगळे तीन पानांची वाट बघत बाकावर बसले. मत्तेची वाटी फिरायला लागली.

एक फेरी झाली. पान नाही. दुसरी झाली, नाही. किटली संपली, पुन्हा भरली. नळीतून नुसतं हिरवट पाणी यायला लागलं तेव्हा कुठं पहिलं पान आलं.

"अबू लतीफचं!" कुणीतरी टाळी वाजवली.

फद्वानं टाळी वाजवली नाही. तिनं वाटी खाली ठेवली.

"अबू लतीफ, रोज तुम्हाला दिवसाकाठी किती पानं सापडतात?"

"रोज? मोजकीच. ओंजळभर."

"आणि आज?"

त्यानं तोंड उघडलं, बोटं मोजली, पुन्हा मोजली. "तेवढीच होतील. पण सगळी माझी!"

"म्हणजे तुमची वाढली नाहीत. बाकीच्यांची दिसेनाशी झालीत." फद्वा उभी राहिली. "पत्त्यांत प्रत्येक डाव आपणच जिंकायला लागलो, तर मान वर करून बघावं, टेबलाशी दुसरं कुणी बसलंय का ते."

सगळ्यांत आधी फवाझला राग आला, कारण घाईतल्या माणसाला राग हाताशीच असतो.

"म्हणजे काय? पैसे दिसतायत ना तुमच्या समोर? पान चढलं ना? आणखी दोन चढली की मी निघालो. संध्याकाळच्या आत सैदाला पोचायचंय मला."

"पोती हलायची नाहीत."

"सित फद्वा, मी चोर आहे का?"

"चोर असता तर सोपं होतं, ख्वाजा. पोलिसाला हाक मारली असती."

आता वजीहा पेटली. "मावशी, तुझं चाललंय तरी काय? पैसे आलेत! सूर्य बघ कुठं आलाय! बुत्रोस थांबणार नाही, आणि मग मी काय जन्मभर दगडानं दाणेच फोडत बसू? तुझं खोकं आहे म्हणून तुला दुसऱ्याची भट्टी खुपते!"

फद्वाला हे लागलं. तिनं पडद्यावरच्या शेवटच्या पानाचा क्रमांक आणि ठसा निळ्या पेनानं डाव्या तळहातावर लिहिला, मागच्या काही पानांचे ठसे मनगटापर्यंत उतरवले, ओढणी सारखी केली आणि कड्याकडे चालायला लागली.

"बघा, बघा," नस्री कुजबुजला. "गाव बुडतंय आणि हिला याराची आठवण!" असं म्हणून तो अर्थातच तिच्या मागून निघाला.

कड्यावर मागच्या खोऱ्यातल्या मोबाइलच्या मनोऱ्याचा एखादा थेंब पोचतो. बोलता येतं, त्याहून जास्त काही नाही. पडदा नुसता गरगरत राहतो. म्हणून तर बोलायचं. फद्वानं फोन लावला. कराकसला अजून पहाट व्हायची होती. बऱ्याच वेळानं एक घोगरा, भारदस्त आवाज आला. आधी खोकला, मग शिवी, मग आवाज.

"देवाशपथ, सूर्य तरी उगवू द्यायचा होतास, फद्वा."

"लवकर उघड. हे पान सांगते, त्याचा ठसा वाच."

"थांब, चष्मा." खुडबूड झाली. "हं. तू जे सांगतेस त्याच्या कितीतरी पुढं गेलोय आम्ही. तुझं ते पान... हं, सापडलं. चार, अ, शून्य, नऊ."

फद्वानं तळहात उन्हात धरला. तिथं होतं: ब, ब, तीन, एक.

"त्याच्या मागचं?"

तेही जुळलं नाही. त्याच्या मागचंही नाही. मनगटावरच्या शेवटच्या ओळीला आवाज म्हणाला, "सात, नऊ, ब, दोन," आणि फद्वानं डोळे मिटले.

"हे जुळलं. इथून फाटलंय."

"मग आता?"

"आता भांडण. तू झोप."

आवाज हसला, तीही थोडी हसली, आणि खडकामागे बसलेल्या नस्रीला हवं ते मिळालं.

परत आल्यावर तिनं चौकात जे सांगितलं ते शाळामास्तरासारखं नव्हतं, आपल्या गावासारखंच होतं. "बर्फात रस्ता बंद होतो तेव्हा काय होतं? वरच्या वस्तीत एक गोष्ट वाढते, खालच्या वस्तीत दुसरी. दोन्हीकडचे लोक खरंच बोलत असतात. मग रस्ता उघडतो, आणि ज्या गोष्टीमागे जास्त तोंडं राबली तीच गावाची गोष्ट ठरते. दुसरी गिळावी लागते. आज आपण वरची वस्ती आहोत. आपलं एकट्याचं पान लिहितोय. तिकडे सगळं जग त्याच क्रमांकाची दुसरी पानं लिहितंय. सकाळी लाइन गेली तिथवर हिशोब एक आहे. त्यापुढचं सगळं लाइन आली की गळून पडेल."

"गळून पडेल म्हणजे?" अबू लतीफनं ताटाकडे बघितलं. ताट रिकामं होतं. "माझी बक्षिसी?"

"ती आधी गळेल."

"पण माझे पैसे का गळतील?" फवाझ म्हणाला. "पान फाटलं तर फाटलं. पैसे फोनमधल्या माझ्या पोतडीत परत येतील, पुन्हा नव्या पानावर चढतील. हो की नाही?"

"हो. पोतडीत तेच पैसे तोवर असले तर."

फवाझनं गॉगल काढला तेव्हा कळलं, माणूस तसा भाबडा आहे.

"पोतडी... एकच आहे आमची. माझी आणि आबिदजानच्या भावाची. ती उघडायचे कळीचे शब्द दोघांकडे. वडील गेल्यापासून वाटण्याच केल्या नाहीत आम्ही. तो तिकडे टाकतो, मी इकडे काढतो. कधी मी टाकतो, तो काढतो."

आणि यात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण बाकावरच्या प्रत्येकाच्या घरात तसंच होतं. बापाची आणि लेकाची पोतडी वेगळी करायची म्हणजे आपल्याकडे भांडण झालं असाच अर्थ होतो. इथं बापानं दिलेला पैसा तिकडे लेकानंही दिला, तर दोघांतलं कुणीच खोटं नसतं, आणि तरी एकाचा घेणारा बुडतो. फद्वाला औषधवाल्याची बायको आठवली. तिचाही मुलगा आबूधाबीला.

वजीहा पोत्यावर बसली. "म्हणजे पोती गेली असती, पैसे गेले असते, आणि मी बुत्रोसला रिकामा फोन दाखवत बसले असते," ती हळू आवाजात म्हणाली. मग सूर्याकडे बघितलं. "पण मावशी, भट्टी तर अशीही जाणारच ना."

"लाइन आली तर नाही जाणार."

"लाइन डिझेलवर येते, फद्वा," नदीम म्हणाला. "टाकी निघालीय."

"ती टाकी सलीम जिवंत असल्यापासून निघालीय!"

वजीहा उठली. घरी गेली. परत आली तेव्हा दोन्ही हातांत डबे होते. भट्टीसाठी तिनं सगळा उन्हाळा डिझेल साठवलं होतं; आधी इंधन, मग भट्टी, असा तिचा उलटा हिशोब. तिनं डबे नदीमच्या खुर्चीसमोर आदळले.

"ओत."

"अगं, पण हे सरकारी केंद्र—"

"मग सरकारला सांग, वजीहानं ओवाळणी घातली. ओत म्हणते ना!"

एवढ्यानं भागणार नव्हतं. फवाझ पिकअपकडे गेला, टाकीत नळी घातली, तोंडानं ओढलं, खोकत खोकत एक डबा भरला. शेखांच्या बैठकीतून एक डबा आला, चर्चच्या जनरेटरमधून पाद्रीबाबांनी एक पाठवला आणि निरोप धाडला की हे परत मिळालं नाही तर घंटा हातानं वाजवायला नस्रीला बोलावू. एलियास जनरेटरवाला सगळ्यांत शेवटी आला.

"फुकट?" त्यानं विचारलं.

"एलियास, लाइन मेली की तुझं इंटरनेट कशाचं वाटतोस? गेल्या वर्षीच्या मालिकांचं?"

लोक खदखदून हसले, कारण तो खरंच तेच वाटत होता. एलियासनं डबा ठेवला.

केंद्राचं इंजिन धापा टाकत सुरू झालं. चौकात सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम किणकिणले. फद्वाच्या पडद्याभोवती गर्दी झाली. काही क्षण काहीच नाही, मग अबू लतीफची पानं एकामागून एक पुसली गेली आणि त्यांच्या जागी परक्यांची पानं भराभर येऊन बसली, कितीतरी जास्त. त्यानं टोपी काढली, जशी मयताला काढतात तशी. फवाझचे वजीहाला दिलेले पैसेही गेले, आणि परत चढले नाहीत.

फवाझनं भावाला फोन लावला. भाऊ आबिदजानहून एवढ्या जोरात बोलत होता की खोक्यापर्यंत ऐकू आलं. दुपारीच कापडाची उचल दिली होती त्यानं, त्याच पैशातून. "तुला विचारायला नको? तू मला विचारायला नको?" असं दोन्ही भाऊ एकमेकांना एकाच वेळी विचारत होते.

शेवटी भावानं बायकोच्या पोतडीतून होते तेवढे पाठवले. अर्ध्याच मालाचे झाले. पानं आता जगाच्या चालीनं येत होती. वाटीची एक फेरी, एक पान. तीन चढली, तेव्हा कड्यावर ऊन तांबूस झालं होतं. अर्धी पोती पिकअपमध्ये गेली. फवाझनं जाताना वजीहाला सांगितलं, "उरलेली दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. मी येतो." आणि पुढे तो आलाही, या वेळी स्वतःची वेगळी पोतडी करून, तीवरून भावांचं आठ दिवस बोलणं बंद होतं ते वेगळं.

बुत्रोस दारातच बॅगेवर बसला होता. वजीहानं जेवढे होते तेवढे पुढे केले आणि खाली मान घातली. कव्हरवाला पलीकडे उभा होता, खिशात हात घालून.

"उरलेले कॅनडाला पाठवशील?" बुत्रोसनं विचारलं.

"पाठवीन."

"तीन पानं चढल्याशिवाय पोचले म्हणणार नाही हं मी." त्यानं किल्ली तिच्या काळ्या बोटांत ठेवली. "आणि रोटीवर झातरचा मसाला जास्त घालत जा. माझं मन कधी झालं नाही."

दुसरा दिवस हिशोब निस्तरण्यात गेला. हिशोब फाटल्यानंतर ज्यांनी ज्यांनी पैसे दिले ते एकेक करून खोक्यावर आले आणि पुन्हा दिले. कुणी कटकट केली नाही. खाटीक मोच्याला म्हणाला, "कालचेच बूट आज पुन्हा विकत घेतले बघ," आणि दिले. फक्त एकानं असा युक्तिवाद करून पाहिला की पान गळलं तर त्यावरची दाढीही गळली, म्हणून दोन दाढ्यांचे पैसे द्या; आणि ती दाढी त्यानंच केली होती, तेव्हा नस्रीचं नाव इथं न घेतलेलंच बरं.

अबू लतीफनं यंत्रांना एक सवय लावून घेतली: ओळीनं सगळी पानं आपलीच यायला लागली की खणणं थांबवायचं आणि चक्कीवर लाल दिवा लावायचा. दिवा लागला की खाटीक खाली आवाज देतो, "वरची वस्ती!" आणि चौकातले लोक फोन खिशात घालून उधारीवर येतात. लाइन येईपर्यंत गाव तोंडी शब्दावर चालतं. त्या शब्दाला कुणी कधी धोका दिल्याचं ऐकिवात नाही, आणि ऐकिवात असतं तर नस्रीनं सांगितलंच असतं. केंद्राच्या डिझेलसाठी आता घरटी वर्गणी आहे. सरकारी टाकी अजून निघालेलीच आहे.

फद्वा रोज कड्यावर जात राहिली. दिवा चांगला, पण दिवा अबू लतीफचा. बाहेरचं कुणीतरी विचारून घ्यावं, असं तिचं मत. वजीहाच्या भट्टीचं पहिलं मनाकीश, म्हणजे झातर लावलेली रोटी, तिनंच खाल्लं. झातर जास्तच होता. वजीहा त्या दिवशीच्या शब्दांबद्दल काही बोलली नाही, पण पैसेही घेतले नाहीत, आणि कागदात आणखी एक गुंडाळून दिलं. तेव्हा रांगेतून नस्री म्हणालाच, "सित फद्वा, एक कराकसच्या पाहुण्यासाठी पण बांधून घ्या!"

सगळी भट्टी हसली. फद्वाही हसली, पण बोलली नाही. टेलिफोन केंद्रातली सवय.

कराकसचा तो पुरुष म्हणजे सलीमची थोरली बहीण, मुंतहा. चाळीस वर्षं सिगारेट ओढून तिचा आवाज तसा झालाय. त्या दोघी रोज शेवटच्या पानाचा ठसा ताडून बघतात, आणि जुळला की हसतात.